रंग ठरवताना: आधी उजळपणा, शेवटी आवड

दुकानाची पाटी रंगवायची असो, मसाल्याच्या पाकिटाचे लेबल करायचे असो किंवा एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ, पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, "रंग कुठला घ्यायचा?" मग एकाला मोरपंखी आवडतो, दुसऱ्याला डाळिंबी, तिसऱ्याला 'जरा उठावदार' काहीतरी हवे असते. तासाभराच्या चर्चेनंतर ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचे पैसे, त्याचा रंग ठरतो. प्रश्न रास्तच आहे, पण तो फार लवकर विचारला जातो.

रंग म्हणजे काय, याचे उत्तर भौतिकशास्त्राचा शिक्षक एक देतो, पैठणीचा विणकर दुसरे देतो, छापखान्यातला माणूस तिसरे देतो आणि देवघरातली आजी चौथे. चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात. डिझाइन करणाऱ्याचे कौशल्य यात आहे की कुठल्या टप्प्यावर कुणाला विचारायचे. या लेखात तो क्रम मांडला आहे. व्यावसायिक डिझायनरला तो उपयोगी पडेलच, पण मंडळाचा फलक किंवा लग्नाची पत्रिका स्वतः करणाऱ्यालाही पडेल.

आधी वर्तुळ कुठले ते ठरवा

शाळेत आपण 'तानापिहिनिपाजा' पाठ केले. ते न्यूटनचे सात रंग. लोलकातून निघणाऱ्या या सरळ पट्ट्याची दोन टोके जोडून त्याने रंगांचे वर्तुळ केले आणि १७०४ साली 'ऑप्टिक्स' या ग्रंथात छापले. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्यांनी वेगळे वर्तुळ काढले. त्यात तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग, आणि तांबड्याच्या समोर हिरवा. संगणकाच्या पडद्याचे गणित आणखी वेगळे आहे. तिथे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळतो, आणि लालच्या समोर येतो निळसर-हिरवा, म्हणजे सायन. छापखान्यात सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात.

म्हणून 'विरुद्ध रंग घ्या' हा सल्ला ऐकला की कुठल्या वर्तुळातला, हे आधी विचारा. ब्रशने रंग मिसळणार असाल तर चित्रकाराचे वर्तुळ कामाचे. पडद्यावर काम असेल तर पडद्याचे. नजर खेचणारी जोडी शोधायची असेल तर स्वतःच्या डोळ्यांना विचारा. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग नजर पांढऱ्या भिंतीकडे वळवा. तिथे जो निळसर-हिरवा ठिपका तरंगताना दिसेल, तो तुमच्या डोळ्याने सांगितलेला विरुद्ध रंग.

उजळपणा पहिला

अमेरिकेतले चित्रकलेचे शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाची तीन मापे वेगळी केली. एक, रंगाची जात: तांबडा की निळा की हिरवा. दोन, उजळपणा: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या जिन्यावर तो कितव्या पायरीवर आहे. तीन, भडकपणा: तो किती चोख आणि किती मळकट. आपण बोलताना ही तिन्ही एकत्र करतो आणि सगळा गोंधळ तिथे सुरू होतो.

वाचता येणे हे जवळजवळ पूर्णपणे उजळपणावर चालते. जात वेगळी असून उजळपणा सारखा असेल तर अक्षरे पार्श्वभूमीत बुडतात. गर्द हिरव्या पाटीवर लाल अक्षरे घ्या. दोन रंग एकमेकांपासून दूरचे वाटतात, पण उजळपणाच्या मोजणीत ते जवळपास एकाच पायरीवर येतात. म्हणून अशी पाटी जवळून भडक दिसते आणि रस्त्यापलीकडून वाचता येत नाही.

हा फरक आकड्यात मोजता येतो. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे असे म्हटले आहे. मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ चालते. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१, हे सर्वांत जास्त. आता आपल्याकडच्या सवयी या फूटपट्टीवर ठेवून पाहा:

- पांढऱ्यावर शुद्ध पिवळी अक्षरे: जेमतेम १.१. वाचण्याची आशा सोडा.
- पिवळ्यावर काळी अक्षरे: १९ च्या वर.
- भगव्या पट्टीवर (पडद्यावरचे आकडे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) पांढरी अक्षरे: सुमारे २.१.
- त्याच भगव्यावर काळी अक्षरे: जवळपास ९.९.
- गर्द हिरव्यावर (हिरवा १२८, बाकी शून्य) शुद्ध लाल अक्षरे: सुमारे १.३.

गल्लोगल्ली दिसणाऱ्या भगव्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना काळी कडा का द्यावी लागते, याचे उत्तर या यादीत आहे. कडा हा नंतरचा उपचार झाला. भगवा थोडा गडद घेतला किंवा अक्षरेच गडद केली तर त्याची गरज उरत नाही.

देवनागरीसाठी हे जास्त महत्त्वाचे आहे. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार हे छोटे अवयव अर्थ बदलतात. फिकट अक्षरांत 'मंद' आणि 'मद' यांतला ठिपका पहिल्यांदा हरवतो. मजकूर जितका बारीक, तितका उजळपणातला फरक वाढवा.

चाचणी सोपी आहे. मांडणीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. ज्या गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात त्या राखाडीतही वेगळ्या दिसल्या, तर काम झाले. आपल्या परंपरेत याचे उत्तम नमुने आहेत. वारली चित्रात गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ असते. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या हलव्याचे दागिने घालतात. दोन्हीकडे रंग मोजकेच, पण उजळपणातले अंतर मोठे, म्हणून लांबूनही बारीकसारीक काम दिसते.

मन्सेलच्या मापातून आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक जात वेगवेगळ्या पायरीवर खुलते. पिवळा उजळ असतानाच चोख राहतो, गडद केला की मोहरीसारखा किंवा खाकी होतो. निळा आणि जांभळा गडद पायरीवर चोख असतात. तांबडा फिकट केला की गुलाबी. त्यामुळे 'हाच पिवळा, पण गडद करून द्या' ही मागणी पुरवता येत नाही, हे ग्राहकाला सुरुवातीलाच सांगा.

शेजारी पाहून रंग ओळखा

पॅरिसच्या गोबलँ या राजाश्रयाच्या विणकाम कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका येतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर धाग्याच्या रंगणीत दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांत तो काळा विणला जाई आणि शेजारच्या रंगांमुळे त्याचा काळेपणा मार खाई. या शोधातून १८३९ साली त्यांचा रंगांच्या परस्परविरोधावरचा ग्रंथ आला. त्याचा गाभा असा की प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेने ढकलतो. तोच राखाडी लालजवळ हिरवट भासतो, काळ्यावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद. पुढे जोसेफ अल्बर्स यांनी आयुष्यभर हेच शिकवले आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन रंग वाटतो, आणि योग्य शेजार दिला तर दोन वेगळे रंग एकसारखे वाटतात.

विणकराला हे हातानेच कळलेले असते. येवल्याच्या किंवा पैठणच्या धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलवला की रंग पालटतो. मात्र यातली एक खबरदारी लक्षात ठेवा. विरुद्ध रंगांचे फार बारीक धागे किंवा रेघा जवळजवळ आल्या तर लांबून डोळा त्यांची सरमिसळ करतो आणि कापड मळकट राखाडी दिसते. लाल-हिरव्या बारीक नक्षीचे पाकीट टेबलावर झकास आणि फळीवर मलूल दिसते, ते याच कारणाने.

यातून तीन सवयी लावून घ्या. रंग रिकाम्या कागदावर कधीच पास करू नका, ज्या शेजाऱ्यांसोबत तो राहणार आहे त्यांच्यात ठेवून पाहा. एकच बोधचिन्ह पांढऱ्या आणि गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर जाणार असेल, तर दोन किंचित वेगळ्या छटा ठेवा, म्हणजे ते दोन्हीकडे सारखे भासेल. आणि सगळ्यांत तेजस्वी रंगाला सगळ्यांत कमी जागा द्या. पिवळ्याचा एक चौकोन जांभळ्याच्या तीन चौकोनांना भारी पडतो, असे प्रमाण जर्मन कवी गटेच्या काळापासून मांडले गेले आहे. ते काटेकोर न मानता दिशा म्हणून घ्या. पानावरचे प्रत्येक बटण नारिंगी असेल, तर नारिंगीकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

सगळ्यांचे डोळे सारखे नसतात

तांबडा-हिरवा यांतला भेद नीट न कळणाऱ्यांचे प्रमाण युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. भारतात ते त्याहून कमी आढळते, तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त. यातल्या काहींना लाल रंग मुळातच काळपट दिसतो. त्यांच्यासाठी काळ्यावरची लाल अक्षरे जवळजवळ नसल्यासारखीच. वय वाढले की डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. मग गर्द निळा आणि काळा यांतला फरक कळत नाही आणि वाचायला उजेडही जास्त लागतो. औषधाच्या बाटलीचे किंवा बँकेच्या अर्जाचे डिझाइन करणाऱ्याने हा वाचक डोळ्यांसमोर ठेवावा.

यावर उपाय एकच: जी माहिती महत्त्वाची, ती एकट्या रंगावर सोपवू नका. याचा चांगला दाखला प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असे. हिरवा आणि तपकिरी हीच नेमकी गफलतीची जोडी. २०२० च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या खुणेत ठिपक्याऐवजी त्रिकोण आणला. आता रंग न कळणाऱ्यालाही आकारावरून फरक कळतो. सिग्नलवर लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, तिथे जागा हीच दुसरी खूण आहे.

तुमच्या कामात हे असे उतरवा. आलेखातल्या रेघा रंगासोबत तुटक आणि सलग अशाही वेगळ्या करा, आणि रेघेच्या टोकाशीच तिचे नाव लिहा. अर्जात चुकलेली चौकट नुसती लाल करू नका, शेजारी काय चुकले ते शब्दांत सांगा. पुणे मेट्रोत जांभळी आणि अ‍ॅक्वा अशा रंगांच्या नावाच्या मार्गिका आहेत. असा नकाशा करताना रंगीत पट्टीवर नाव किंवा क्रमांकही छापा. दोन रंग निवडताना निळा आणि नारिंगी ही जोडी लाल-हिरव्यापेक्षा बहुतेकांना सुरक्षित पडते.

उजेड कुठला, वस्तू कुठली

साडी घेताना आपल्या घरच्या बायका ती दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहतात. त्यामागे पक्के शास्त्र आहे. दोन कापडे एका दिव्याखाली अगदी जुळतात आणि उन्हात वेगळी निघतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगवेगळ्या लहरी परत पाठवतात. ब्लाउजपीस नळीच्या दिव्याखाली जुळवून घेतला की घरी पस्तावा होतो, तो यामुळे.

म्हणून रंग अंतिम ठरवण्याआधी तो कुठल्या उजेडात दिसणार हे लिहून काढा. घरगुती पिवळसर दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो, पांढराशुभ्र दिवा ६५०० च्या आसपासचा. सराफाकडे सोन्यावर पिवळसर आणि हिऱ्यांवर पांढरा प्रकाश सोडतात, ते उगीच नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा आकडाही असतो. तो १०० च्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. कापड, चित्रे किंवा खाद्यपदार्थ मांडायचे असतील तर ९० किंवा त्याहून वरचा घ्यावा.

छपाईत आणखी काही खाचाखोचा आहेत. पडद्यावर झळकणारा पोपटी, चटक नारिंगी किंवा विजेसारखा निळा चार शायांत येत नाही, मंद पडतो. निळ्यात मॅजेंटाचे प्रमाण जास्त झाले की छापून जांभळा निघतो. चकचकीत कागदावर जो रंग खुलतो तो साध्या कागदावर शाई मुरल्याने बसतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. तो चारही शायांत केला आणि छपाईत शायांची एकावर एक जुळणी (रजिस्ट्रेशन) जरा जरी हलली, तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे रिव्हर्समध्ये काढायची असतील तर वळण जाड घ्या, नाहीतर 'ध'चे आणि 'क्ष'चे पोट शाईने भरते. उन्हात लागणाऱ्या फ्लेक्सचे लाल-पिवळे आधी उडतात आणि फलक निळा पडत जातो. जो मजकूर टिकायलाच हवा तो तिथे काळ्यात द्या.

अर्थ प्रसंगाला चिकटलेला असतो

'निळा विश्वास देतो, लाल भूक वाढवतो' असे तक्ते सर्रास फिरतात. त्यांवर विसंबू नका, कारण त्यांत प्रसंग नसतो. काळा रंग आपल्याकडे शुभकार्यात टाळतात, पण संक्रांतीला तोच मानाचा. पांढरा हिंदू घरात शोकाशी जोडलेला, वारीत तो वारकऱ्याच्या अंगावर आणि गोव्यातल्या ख्रिस्ती वधूच्या अंगावर उत्सवाचा. हिरवा म्हणजे चुडा, डोहाळजेवणाची साडी, इस्लामशी जोडलेला झेंडा, सेंद्रिय भाजीचे दुकान आणि पाकिटावरचा शाकाहाराचा ठिपका. निळ्या झेंड्याचा अर्थ आंबेडकरी चळवळीने दिला आहे. निवडणुका जवळ आल्या की भगवा, निळा, हिरवा हे रंग आपोआप पक्षांकडे सरकतात आणि साध्या वाचनालयाचा फलकही कुणाचा तरी वाटू लागतो.

परदेशासाठी काम करताना हे पुन्हा तपासावे लागते. आपल्या शेअर बाजारात वाढ हिरवी आणि घट लाल दाखवतात. चीन आणि जपानमध्ये वाढ लाल असते. पुण्यात बसून टोकियोच्या ग्राहकासाठी आलेख करणाऱ्याने हे आधीच विचारलेले बरे.

म्हणून 'या रंगाचा अर्थ काय' असे न विचारता 'या लोकांनी, या प्रसंगी, या वस्तूवर हा रंग याआधी कुठे पाहिला आहे' असे विचारा. उत्तरासाठी त्या गावातल्या, त्या वयाच्या चारपाच जणांना नमुना दाखवा आणि 'हे कशाचे वाटते?' एवढेच म्हणा. 'आवडला का?' असे विचाराल तर बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतील.

नाव ऐका, नमुना मागा

आमसुली, अबोली, चिंतामणी, श्रीखंडी, पारवा अशा नावांनी ग्राहकाच्या मनातली दिशा कळते. त्यांवरून शाई मात्र मिसळता येत नाही, कारण दोघांचा आमसुली एक नसतो. ग्राहकाला नावासोबत वस्तू आणायला सांगा: कापडाचा तुकडा, जुना डबा, पंचांगाचे पान. मग तो रंग आकड्यात बांधा. पडद्यासाठी लाल-हिरवा-निळा यांचे आकडे, चाररंगी छपाईसाठी शायांची टक्केवारी, ठरावीक शाईसाठी पँटोनचा क्रमांक आणि भिंतीसाठी रंग कंपनीच्या शेडकार्डावरचा कोड. आपला तिरंगासुद्धा नुसत्या 'केशरी' या नावावर सोडलेला नाही. त्यासाठी 'आयएस १' हे भारतीय मानक आहे आणि त्यात रंग सीआयई या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या आकड्यांत बांधलेले आहेत.

कामाचा क्रम

१. वस्तू कुठे, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात आणि कोण पाहणार, हे चार ओळींत लिहा.

२. संपूर्ण मांडणी आधी फक्त काळा, पांढरा आणि राखाडी यांत करा. इथे वाचता आली नाही तर रंग तिला वाचवणार नाही.

३. सर्वांत महत्त्वाची एकच गोष्ट निवडा आणि तेजस्वी रंग तिच्यासाठी राखून ठेवा.

४. आता राखाडीच्या प्रत्येक पायरीवर त्याच उजळपणाचा रंग बसवा. शेजारी शेजारी ठेवून तपासा.

५. गुणोत्तर मोजा. मजकुरासाठी ४.५ च्या खाली जाऊ नका.

६. रंग काढून टाकला तरी माहिती कळते का पाहा. नसेल तर आकार, शब्द किंवा जागा यांची जोड द्या.

७. प्रसंगाचा आणि परिसराचा अर्थ दोनचार जाणत्यांकडून तपासून घ्या.

८. खऱ्या कागदावर, खऱ्या कापडावर किंवा खऱ्या फ्लेक्सवर एक तुकडा छापून घ्या आणि तो खऱ्या जागी नेऊन पाहा.

९. सर्व आकडे एका पानावर लिहून ग्राहकाची सही घ्या. पुढच्या वर्षी नवा छापखाना आला तरी रंग तोच राहील.

या क्रमात ग्राहकाच्या आवडीला जागा कुठे, असे कुणी विचारेल. ती चौथ्या पायरीवर आहे, आणि भरपूर आहे. वाचता येण्यासाठी उजळपणा बांधलेला असतो, पण त्या उजळपणाच्या पायरीवर तांबडा घ्यायचा, निळा की हिरवा, याची मोकळीक बहुतेक वेळा पूर्ण असते. गर्द जांभळा, गर्द मोरपंखी आणि गर्द डाळिंबी हे तिघेही पांढऱ्या अक्षरांना सारखाच आधार देतात. म्हणून पुढच्या बैठकीत कुणी "मला डाळिंबीच हवा" म्हणाले तर वाद घालू नका. त्या पायरीवरचे डाळिंबीचे तीन तुकडे टेबलावर ठेवा आणि निवड त्यांच्यावर सोडा.